संध्याकाळची धार चुकवून धरणातल्या बेटावर

पाणी तापत ठेवलं, गोठ्यातलं शेण भरलं, रात्री भिजवलेली पेंड घमेल्यात काढली आणि नेहमीप्रमाणे साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवून धारेला बसले. असल्या एका साध्या सकाळी, म्हशीची कास धूत असताना, मला बेटावर जायचं आमंत्रण आलं. प्रवासवर्णनं मी बरीच वाचली आहेत. शाळा चौथीत सुटली, पण वाचायची खोड सुटली नाही. त्या पुस्तकांत प्रवास विमानतळावर सुरू होतो, नाहीतर निदान एसटी स्टँडवर. माझा गोठ्यात सुरू होतो, त्याला इलाज नाही.

शर्टाचं आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे तिथेच अडकून राहतील. आमची म्हैस ह्यांच्या हातावरची. म्हणजे एकाच माणसाच्या हाताला सवकलेली. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरायची, लाथ घालायची, बादली उलथवायची. हे गेले तेव्हा दोन दिवस तिनं कुणालाच जवळ येऊ दिलं नाही. कास दगडासारखी झाली. तेव्हा गल्लीतल्या एका म्हातारीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्येच्या अंगातला शर्ट घाल आणि बस. त्वांडानं काय बोलू नगंस." मी घातला आणि बसले. म्हशीनं मान वळवून हुंगलं आणि पान्हा सोडला. घरात माणसं भरली होती, रडणं चाललं होतं, आणि मी गोठ्यात नवऱ्याचा शर्ट घालून बादलीभर दूध काढत होते.

त्याला तीन वर्षं झाली. शर्ट धुतलेला नाही. धुतला तर म्हशीला कळेल, असं मी लोकांना सांगते. खरं तर आता त्याला पेंडीचा, शेणाचा आणि माझाच वास येत असणार. पण हे मी म्हशीला सांगितलेलं नाही.

तर फोन. फोन वन्संचा होता. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. कोल्हापुरात राजारामपुरीत राहतात, सकाळी योगाच्या क्लासला जातात आणि तिथून घरी येताना मला फोन करतात.

"सुमन, रविवारी बेटावर चल. आमच्या क्लासची सहल हाय. राधानगरीच्या धरणात बेट हाय एक. एक जागा रिकामी पडलीया."

"आणि धार?"

"शोभा काढंल की."

"शोभाला म्हस देत न्हाय, वन्सं."

"तू तिला कधी काढू दिलीस?"

शोभा माझी धाकटी जाऊ. वाटणी झाल्यापासून भिंतीपलीकडे राहते. तीन वर्षांत मी एकही धार चुकवली नव्हती, त्यामुळे म्हैस दुसऱ्याला देते की नाही हे खरोखर कुणी बघितलंच नव्हतं.

वन्संना सहलीत मला न्यायची हौस होती असं नाही. त्यांना परीक्षा घ्यायची होती. माझी लेक रेखा पुण्यात असते. तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला होता. म्हणजे बाळंतपणाला ती इकडे येणार नव्हती, मलाच दोन महिने तिकडे जायला हवं होतं. मी रोज म्हशीचं कारण सांगत होते. रेखा आधी रडली, मग रागावली, मग फोनवर नुसतं "बरं" म्हणायला लागली. ते "बरं" मला सगळ्यात जास्त लागलं.

म्हैस विकावी हा उपाय होताच. कागलचा एक गवळी येऊन बघूनही गेला होता. माणूस सरळ होता. दात बघितले, कास बघितली, मी धार काढताना उभा राहून बघितलं आणि म्हणाला, "घेतो वैनी. पर शर्ट बी द्याला लागंल. शर्टाबिगार ही म्हस न्हेऊन मी काय पूजा करू?"

म्हणून वन्संनी ठरवलं, एका धारेत निकाल लावायचा. रविवारी संध्याकाळी शोभाला म्हशीनं दूध दिलं तर मी पुण्याला जाणार. नाही दिलं तर म्हैस गवळ्याला, शर्टासकट, आणि मग मी पुण्याला जाणार. मी बरं म्हणाले. दोन्हीपैकी काय व्हावं असं वाटतंय, असं त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

शोभाला सांगायला गेले तर ती भाकरी थापत होती.

"बेटात?" ती म्हणाली. "कसल्या, कळकाच्या? तितं काय करायचं हाय, अक्का? साप असत्यात."

शोभा कानडी मुलखातली, चिकोडीकडची, मला अक्का म्हणते. आमच्या भागात बेट म्हणजे कळकाचं, म्हणजे बांबूचं, नाहीतर उगाच माजलेल्या गवताचं. चहूकडे पाणी असलेलं बेट फक्त पुस्तकात असतं. तिला समजावून सांगितलं, तेव्हा ती आणखीच बुचकळ्यात पडली. "म्हंजे जायाला वाटच न्हाय, आणि तितं पैशे देऊन जायाचं?"

मी तिला शर्टाचं तीनदा सांगितलं. खुंटीवर आहे. बटणं गळ्यापर्यंत लाव. बोलू नकोस.

"व्हय की. घालतो शर्ट, बसतो गप. जावा तुमी."

(आमच्याकडे बायकाही 'येतो, जातो, घालतो' असंच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये. रेखा तिकडे गेल्यापासून 'येते, जाते' म्हणते, तेव्हा आम्ही दचकतो.)

रविवारी पहाटेची धार मीच काढली, दूध संस्थेत घातलं आणि हायवेवरून पहिली एसटी धरून कोल्हापुरात आले. तुम्ही जाणार असाल तर सांगते, स्टँडवरून राजारामपुरीला सिटी बस मिळते, पण रविवारी सकाळी तिची वाट बघण्यापेक्षा रिक्षा बरी. आमची मिनीबस दोन कोचिंग क्लासच्या पाट्यांमध्ये उभी होती. बसमध्ये योगाच्या क्लासच्या बायका, सगळ्यांच्या पायात नवे कोरे स्पोर्ट शूज. माझ्या पायात रोजची चप्पल. वन्संनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडची जागा मला दिली. त्यांची माफी मागायची आणि माफ करायची पद्धत एकच आहे.

सहल नेणारे एक तरुण सर होते. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. बस सुटायच्या आधी त्यांनी भाषण केलं.

"आज आपण सगळ्यांनी कम्फर्ट झोनच्या बाहेर यायचंय."

"म्हंजे कुठं?" वन्संनी विचारलं.

"म्हणजे... घराच्या बाहेर, काकू."

"मग आलोय की."

फुलेवाडी मागे पडली आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. फेब्रुवारीत या रस्त्यानं जायचं तर उजाडायच्या आत निघा, नाहीतर एकेका ट्रॉलीच्या मागे बसून तिच्यावर किती मोळ्या आहेत हे तुम्हाला पाठ होईल. गुऱ्हाळाचा वास मात्र फुकट मिळतो. वाटेत एका टपरीवर नाश्ता झाला. गरम भजी, पाव आणि चहा. सहलीच्या पैशात नाश्ता धरलेला असतो, दुसरा चहा धरलेला नसतो. दुसरा चहा ज्याचा त्यानं द्यायचा. पैसे माणशी साडेतीनशे होते. आता वाढले असतील, आधी विचारून घ्या. माझे वन्संनी भरले. परत देऊ लागले तर म्हणाल्या, "म्हशीकडनं वसूल करीन."

राधानगरीच्या पुढे रस्ता वळणावळणाचा आहे, आणि झाडी अंगावर येते. आम्ही उसाच्या मुलखातली माणसं, आम्हाला झाड म्हणजे बांधावरचं. इथे बांधच नाहीत. मग एका वळणावर खाली पाणी दिसलं आणि पाण्यात ते बेट. पुस्तकातल्या बेटावर माड असतात आणि पांढरी वाळू. या बेटावर जांभळाची, ऐनाची झाडं आणि करवंदाच्या जाळ्या होत्या, आणि वाळूच्या जागी पाणी उतरल्यामुळे उघडा पडलेला तांबड्या मातीचा पट्टा, पाणी तापवायच्या हंड्याला आतून क्षाराचा येतो तसा. पण होतं सुंदर. दुरून ते पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं दिसत होतं. हे मी वन्संना सांगितलं नाही. त्या म्हणाल्या असत्या, तुला दुसरं काय दिसणार.

होडीत बसायच्या आधी नारिंगी जाकिटं मिळाली. साडीवर जाकीट चढवताना माझा हात सवयीनं गळ्याचं बटण शोधायला लागला. त्याला बटणं नव्हती, पट्टे होते. होडीवाला बाप्या माणूस, बोलायला खणखणीत.

"पावणं, मधी बसा मधी! ओ मॅडम, हुबं ऱ्हाऊ नगासा, ही काय वरात न्हाय."

"होडी बुडत नाही ना?" एका बाईंनी विचारलं.

"आजपतोर तरी न्हाय."

"आजपर्यंत म्हणजे?"

"आज आजून संपायचाय की, मॅडम."

बेटावर उतरल्याबरोबर सरांनी शिट्टी वाजवली. पहिली ॲक्टिव्हिटी, चालणे. रांगेनं, न बोलता, पक्षी बघत. दुर्बीण एकच होती. ती माझ्यापर्यंत येईतो पक्षी उडून जायचा, त्यामुळे मी खूप फांद्या बघितल्या. एकदा मात्र डोक्यावरून धनेश गेला, त्याला दुर्बीण लागलीच नाही. पंखांचा आवाज एवढा मोठा की आधी आम्हाला वाटलं कुणीतरी चादर झटकतंय.

पुढे वाटेवर शेणाचा मोठा पो पडला होता. सर खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "गवा. पोहून येतात इथे." बायकांनी गोल करून फोटो काढले. वन्सं आमच्याच घरात शेणी थापून मोठ्या झालेल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "केवढं हे!" मी त्यांच्याकडे बघितलं तशा त्या पुढे चालू लागल्या.

दुसरी ॲक्टिव्हिटी, दोन झाडांना बांधलेल्या दोरावरून चालणे. तिसरी, डोळे मिटून मागे पडणे, आणि मागच्या बायकांनी झेलणे. म्हणे त्यानं विश्वास वाढतो. एक जाड बाई पुढे आल्या आणि त्यांनी डोळे मिटले तशा मागच्या चौघी बाजूला सरकल्या. विश्वास आहे तेवढाच राहिला.

मग स्वयंपाक. तोही ॲक्टिव्हिटीतच होता. तीन दगडांची चूल मांडून झुणका करायचा. सरांनी शहरातल्या बायकांवर एक नजर टाकली आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. "मावशी, तुम्हाला तर सवय असेल."

"आमच्याकडं गोबरगॅस हाय की," मी म्हणाले.

सर थोडे नाराज झाले. त्यांच्या मनातल्या खेड्यात गोबरगॅस नसावा. तरी मी प्रयत्न केला. लाकूड ओलं होतं, धूर सगळा माझ्या डोळ्यांत आणि जाळ कुठेच नाही. शेवटी राजारामपुरीतल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पर्समधला कागद घालून आणि झुणक्याचं अर्धी वाटी तेल ओतून चूल पेटवली. झुणका थोडा कोरडा झाला, पण तांदळाच्या भाकऱ्या बरोबर आणलेल्या होत्या, दही होतं, आणि झाडाखाली मातीत बसून दहाजणींनी एका पातेल्यातून खाल्लं की चव लागतेच. जेवताना मी उन्हाकडे बघत होते. सावली अजून आखूड होती. धारेला वेळ होता.

जेवणानंतर मौन. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, निसर्ग ऐकायचा. सगळ्या डोळे मिटून बसल्या. पहिल्यांदा बांगड्या वाजल्या, मग गोळीचा कागद.

"मी गॅस बंद केलावता का गं?" कुणीतरी कुजबुजलं.

"गप. निसर्ग ऐक."

"पण सिलिंडर..."

"तो पण निसर्गच ऐकंल."

मला मौनाचं काही कठीण गेलं नाही. आमच्या घरात जेवणानंतर हा कार्यक्रम तीन वर्षं रोज असतो, आणि त्याची फी नसते.

यानंतर सरांनी विचारलं, पोहायला कुणाला येतं? कुणी हात वर केला नाही. वन्संनी माझा हात धरून वर केला. आम्ही कागलच्या बाजूच्या पोरी दूधगंगेत म्हशीच्या शेपटाला धरून पोहायला शिकलो. म्हैस पाण्यात गेली की कासरा सोडायचा आणि शेपूट धरायचं, ती पलीकडे नेते. पण त्याला पुष्कळ वर्षं झाली. मी नको नको म्हणत साडी खोचली, जाकिटाचे पट्टे आवळले आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिले. गुडघाभरच जायचं ठरवलं होतं. पायाखालची माती मऊ होती, ती सरकली, आणि मी पोहू लागले.

जाकीट बुडू देत नाही, त्यामुळे पोहण्याचे कष्टच नव्हते. मी पाठीवर पडून राहिले. वर एक घार होती. कानात पाणी गेलं की बायकांचा आवाज येत नाही, शिट्टी येत नाही. पाणी वरून कोमट आणि खालून गार होतं. किती वेळ गेला माहीत नाही. उठून बसण्याजोगं पाण्यात काही नसतं, म्हणून मी पडून होते. नंतर कधीतरी मान वर केली आणि लक्षात आलं की मघापासून मी कशाचाच विचार केलेला नाही. म्हशीचा नाही, रेखाचा नाही. ह्यांचाही नाही.

मग मी घाईनं काठावर आले, कुणी बघितलं तर काय म्हणेल अशी.

"हसत हुतीस पाण्यात," वन्सं टॉवेल देत म्हणाल्या.

"पाणी गार हुतं म्हणून."

सावल्या लांब झाल्या होत्या.

बेटावर मोबाइलला रेंज नव्हती. सर म्हणाले होते, हीच तर गंमत आहे. मला ती गंमत तेव्हा कळेना. शोभा बादली घेऊन निघायची वेळ झाली होती आणि मला खात्री वाटू लागली की ती शर्ट घालायला विसरणार. होडीवाल्यानं हात वर करून टेकडीचा माथा दाखवला. "वर एक कांडी येती. कवा येती, कवा न्हाय. आमदारावानी हाय."

वन्संचा मोबाइल घेऊन मी टेकडी चढू लागले. वन्सं मागे, नव्या शूजमध्ये, धापा टाकत. ही ॲक्टिव्हिटी फीमध्ये धरलेली नव्हती. माथ्यावर दगडांची एक रास होती, तिच्यावर उभं राहून हात उंच केला तेव्हा कांडी आली. आता हात खाली घेतला की ती जाणार. म्हणून वन्संनी मोबाइल उंच धरला, स्पीकर लावला आणि मी मान वर करून आभाळाशी बोलावं तशी ओरडले.

"शोभा! शर्ट घातलास?"

"कोन?"

"मी, सुमन! शर्ट!"

"परत? येवड्यात परत आलासा?"

"परत न्हवं, शर्ट! खुंटीवरचा!"

"कुठं हाय म्हनं? काय ऐकू येईना, अक्का. म्हस..."

आणि कांडी गेली. "म्हस" या शब्दावर. पुन्हा लावला तर लागला नाही. तिसऱ्यांदा लावला तर मोबाइलची बॅटरी संपली. वन्संनी दिवसभर गव्याच्या शेणाचे आणि स्वतःचे फोटो काढले होते.

आम्ही दोघी दगडावर बसलो. खाली पाण्यावर ऊन तिरकं पडलं होतं. पोस्टकार्डावर असतं तसं दृश्य होतं, पण मी ते नीट बघितलं नाही. तुम्ही गेलात तर नीट बघा. त्या माथ्यावर दिवसातली ती वेळ सगळ्यात चांगली आहे.

"म्हस लाथ मारली म्हणाली असंल," मी म्हणाले.

"न्हाईतर म्हस चांगली हाय म्हणाली असंल. म्हशीच्या म्होरं काय बी असू शकतंय."

वन्संनी शूजमधले खडे झटकले आणि म्हणाल्या, "त्यो शर्ट मी घेतलावता त्येला. दिवाळीला. महाद्वार रोडवरनं."

"ठाव हाय मला."

"चांगला म्हणून घेतलावता. लग्नाकार्याला घालंल. आणि ह्यो बाबा त्यो घालून म्हशीखाली बसायचा."

"त्यास्नी आवडला हुता म्हणूनच की. आवडतं कापड अंगावर असलं म्हंजे म्हस बी खूश असती म्हणायचं."

वन्सं हसल्या आणि रुमालानं डोळे पुसले. मग एकदम सरळ होऊन म्हणाल्या, "गवळ्याला शर्ट द्यायचा न्हाय. म्हस दे, पैसं कमी घे, शर्ट न्हाय."

"शर्टाबिगार त्यो म्हस घेत न्हाय."

"मग गवळ्याला माझ्या भावाचा दुसरा शर्ट दे. म्हशीला काय कळतंय?"

"तिलाच तर कळतंय, वन्सं."

खाली सरांची शिट्टी वाजत होती. शेवटची होडी.

परतीच्या वाटेवर बसमध्ये बायकांनी गाणी म्हटली. मी "म्हस" या शब्दापुढे निरनिराळे शब्द लावत बसले. म्हस सुटली. म्हस बसलीच न्हाई. म्हस हंबरतीया. रंकाळ्यापाशी सगळ्या भेळ खायला उतरल्या. मी खाली उतरले पण भेळ घेतली नाही. वन्संनी माझी पुडी बांधून घेतली आणि पिशवीत कोंबली. त्यांना माझ्याबरोबर गावाला यायचं होतं. मी नको म्हणाले. निकाल लागताना शेजारी कुणी नको होतं.

हायवेवर उतरून घरी आले तेव्हा शोभा उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. घाई नाही, काही नाही.

"आलासा? कसं हुतं बेट? साप हुतं?"

"म्हशीनं दिलं व्हय?"

"दिलं की. रोजच्यावानी."

"लाथ मारली?"

"न्हाय बा."

मला तिथेच बसावंसं वाटलं आणि मी बसले. "फोनवर काय म्हणत हुतीस? म्हस म्हणालीस आणि तुटला."

"म्हस निवांत हाय, म्हणत हुतो. काळजी करू नगासा."

"शर्ट सैल झाला असंल तुला."

शोभानं सूप खाली ठेवलं आणि जीभ चावली. "शर्ट इसरलोच की, अक्का. बादली घिऊन बसलो तवा ध्यानात आलं. उठनार हुतो, तवर तिनं पान्हा सोडलावता. मग कशाला उठायचं म्हटलं."

"आणि बोलली न्हाईस न्हवं?"

"बोललो की. सवयच हाय तोंडाला. 'बा अव्वा, हाल कोड' म्हटलं."

म्हणजे ये बाई, दूध दे. आमच्या म्हशीला कानडी कळतं हे मला माहीत नव्हतं. शोभाच्या अंगात तिचं स्वतःचं पोलकं होतं, तोंडात कानडी होतं, आणि म्हशीनं रोजच्यासारखं बादलीभर दूध दिलं होतं. मी गोठ्यात जाऊन बघितलं. म्हैस रवंथ करत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रवंथ करू लागली. शर्ट आत खुंटीवर होता, मी पहाटे अडकवला होता तसाच.

आता जाऊन काय मिळालं, ते. राधानगरीच्या बेटावर जरूर जा. पायात धड काहीतरी घाला, पाणी बरोबर न्या, मोबाइलची बॅटरी फोटोत संपवू नका. पोहता येत असेल तर पोहा. झुणका करायचा असेल तर कोरडं लाकूड घरून न्या. बेट छान आहे, आणि दिवसभरात बघून होतं.

बाकी एवढंच की म्हशीनं ह्यांना नेमकं कधी सोडलं, हे मला कळणार नाही. पहिल्याच वर्षी सोडलं असेल. मी रोज दोन वेळा शर्ट घालून गप बसत होते आणि ती रोज दोन वेळा काही न दाखवता दूध देत होती. तिच्या बाजूनं बघितलं तर तीन वर्षं ती मलाच सांभाळून घेत होती, असंही म्हणता येईल. पण म्हशीबद्दल फार चांगलं बोलू नये. तिला ते कळतं आणि मग ती बादली उलथवते.

शोभा म्हणाली, आता गरज न्हाय तर शर्ट धुऊन टाकू काय? मी नको म्हणाले. आम्ही भेळ दोन ताटल्यांत काढली आणि खाल्ली. ती मऊ पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची धार शोभानं काढली. मी कागलच्या गवळ्याला म्हैस विकायची नाही म्हणून निरोप धाडला आणि कोल्हापूरच्या स्टँडवर जाऊन पुण्याच्या गाडीत एक जागा राखून आले.